ठरवायचं ते फेअरवेलच्या आधी

बारडोली आणि आसपासच्या गावांतल्या बारावीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

उत्तरायण आटोपली की शाळाशाळांत फेअरवेलची तयारी सुरू होते. मुलींच्या साड्या, मुलांचे भाड्याने आणलेले ब्लेझर, आचार्यांचं भाषण, अकरावीवाल्यांनी बसवलेले नाच, प्लेटमध्ये पात्रा आणि शेवटी आइस्क्रीम. त्या कार्यक्रमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होतो आणि अंधार पडायच्या आत संपतो. हे पत्र त्यानंतरच्या, निमंत्रणात न छापलेल्या कार्यक्रमाबद्दल आहे. कुणाच्या तरी काकांचं उसाच्या शेतातलं फार्महाऊस, एक स्पीकर, चार-पाच बाइक आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेलं दुसरंच काहीतरी. अशी रात्र कशी जुळून येते हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पालकांना किंवा शिक्षकांना न लिहिता मी तुम्हाला लिहितो आहे, कारण त्या जागी ते नसतील, तुम्हीच असाल. माझं म्हणणं एकच आहे. प्यायची की नाही, हा निर्णय त्या रात्री घेता येत नाही. तो आधी, दिवसाउजेडी, सगळ्या वर्गाने मिळून घ्यावा लागतो. याला पुरावा आहे, आणि त्यातला एक तुमच्याच जिल्ह्यातला आहे. सरदार आणि 1928 चा सत्याग्रह तुमच्या वाट्याला दर 31 ऑक्टोबरला भरपूर येतो, म्हणून मी त्याच्या सहा वर्षं आधीच्या, भाषणांत सहसा न येणाऱ्या माणसांकडे वळणार आहे. पण आधी कायद्याचं उरकून घेऊ.

गुजरातेत दारूबंदी आहेच, मग हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा 1960 मध्ये दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची वाट काढून तो सैल केला, गुजरातने धरून ठेवला आणि 2017 मध्ये विक्री-वाहतुकीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. तरीही थर्टीफर्स्टला दमणहून परतणाऱ्यांना पकडण्यासाठी वलसाडच्या पोलिसांना दरवर्षी रात्रभर रस्त्यावर उभं राहावं लागतं. तुमच्या तापी लाइनवरचं नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच फलाटाच्या दोन टोकांना दोन वेगळे कायदे लागू होतात. थोडक्यात, कायदा दारू आणणाऱ्याला पकडू शकतो, पण ग्लास पुढे केल्यावर तुमच्या हाताने काय करायचं हे तो ठरवत नाही. म्हणून ‘बेकायदा आहे, सबब पिऊ नका’ एवढ्यावर मी थांबणार नाही. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात, जिथे दारूबंदी नाही, तिथेही बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे ‘तिकडे चालतं’ हे तुमच्या वयाला तिकडेही लागू नाही. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बाटलीची व्यवस्था करणारा तो कॉलेजातला दादा, ज्याला सगळे मानतात, त्याला हे बहुधा ठाऊकही नसतं.

कायद्याने एक गोष्ट नक्की केली आहे, आणि ती तुमच्या विरुद्ध जाते. चोरट्या मालात काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही: पिणाऱ्याला नाही, आणणाऱ्याला नाही, बहुतेकदा विकणाऱ्यालाही नाही. सप्टेंबर 2016 मध्ये कडोदऱ्याजवळच्या वरेली गावात विषारी दारूने माणसं मेली. बारडोलीहून सुरतेला जाताना तुम्ही त्याच बाजूने जाता. जुलै 2022 मध्ये बोटाद जिल्ह्यात कारखान्यांसाठीचं मिथाइल अल्कोहोल चोरून, पाण्यात मिसळून पोटल्यांतून विकलं गेलं आणि चाळिसाहून अधिक जण दगावले. त्याआधी 2009 मध्ये अहमदाबादेत बळींची संख्या शंभरावर गेली होती. हे सगळं दारूबंदीमुळेच होतं, उघड दुकानं असती तर झालं नसतं, असा युक्तिवाद लगेच केला जातो. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत, परवान्याची दुकानं गल्लोगल्ली असताना, अशाच दारूने शंभरावर माणसं मेली. स्वस्त माल आणि नफेखोरी एवढं असलं की पुरतं, त्याला दारूबंदी लागतेच असं नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या खिशाला परवडतो तो स्वस्तच माल.

मिथाइल अल्कोहोलचं वागणं समजून घ्या, कारण इथे मित्र हमखास फसतात. चव आणि वास साध्या दारूसारखाच असतो, नशाही तशीच येते. यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनतं, आणि हे आम्ल डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. पण हे व्हायला वेळ लागतो. सोबत साधी दारूही पोटात गेली असेल तर आणखी वेळ लागतो, कारण यकृत आधी ती निकालात काढतं. त्यामुळे रात्री प्यायलेला मुलगा सकाळी ‘उतरली’ म्हणून हसत उठतो, आणि दुपारी किंवा संध्याकाळी डोळ्यांपुढे धुकं येतं, पोटात मुरडा येतो, श्वास जोरजोरात चालतो. तोवर सगळे आपापल्या घरी गेलेले असतात, आणि मुलगा आईला सांगत असतो की काल वडापाव बाधला.

आता भीती बाजूला ठेवू. नुसत्या भीतीने तुमच्या वयाची मुलं थांबत नाहीत. अमेरिकेत शाळांमध्ये गणवेशातले पोलिस पाठवून नशेची भीती घालणारा ‘डेअर’ नावाचा उपक्रम वर्षानुवर्षं चालला, आणि त्याच्या पाहण्यांनी पुन्हा पुन्हा एकच सांगितलं की त्याचा परिणाम जवळजवळ शून्य आहे. मग काय चालतं? आधी आकडे पाहा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण प्रौढांत सुमारे 17 टक्के, आणि 10 ते 17 या वयोगटात 1.3 टक्के निघालं. असे आकडे थोडे कमीच निघतात, मुलं सगळं सांगत नाहीत, शिवाय सतरा वर्षांच्यांत प्रमाण दहा वर्षांच्यांहून जास्तच असणार. तरी हा आकडा पाचपट करा, दहापट करा, न पिणारेच बहुसंख्य उरतात. फार्महाऊसवर मात्र चित्र उलटं दिसतं, कारण पिणारे चार जण आवाज करतात आणि न पिणारे सोळा जण गप्प बसतात. त्या सोळांपैकी प्रत्येकाला वाटत असतं की नको वाटणारा आपण एकटेच. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 मध्ये नेमकं हेच मोजलं: विद्यार्थ्यांना स्वतःला दारूबद्दल जितकं अवघडल्यासारखं वाटत होतं, तितकं इतरांना वाटत नसावं अशी जवळपास प्रत्येकाची समजूत होती. सगळ्यांची समजूत सारखी, आणि सारखीच चुकीची.

दुसरा पुरावा मित्रांच्या उपस्थितीबद्दलचा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये 306 जणांना संगणकावर गाडी चालवायचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि उशीर केला की अपघात. एकेकटे खेळताना 13 ते 16 वर्षांची मुलं धोका घेण्यात मोठ्यांच्या फार पुढे नव्हती. दोन मित्र शेजारी असताना याच वयाच्या मुलांनी घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट होता. चोविशीच्या पुढच्यांत फारसा फरक पडला नाही. हे तुमच्या बुद्धीवर शेरा मारण्यासाठी सांगत नाही. एकट्याने विचार करताना तुम्ही मोठ्यांइतकाच नीट विचार करता, हीही त्याच प्रयोगाची बाजू आहे. पण मग हे मान्य करावं लागतं की मंगळवारी दुपारी वर्गात बसून ‘मी घेणार नाही’ म्हणणारा मुलगा आणि शनिवारी रात्री अकराला मित्रांच्या घोळक्यातला तोच मुलगा, यांच्या हाती सारखी साधनं नसतात. शनिवारच्या मुलाला ठाम राहा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. मंगळवारच्या मुलाने त्याच्यासाठी व्यवस्था करून ठेवली पाहिजे.

आता 1922. इंग्रजांच्या 1878 च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं होतं, आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींना दारू मक्तेदाराच्या दुकानातूनच घ्यावी लागत होती. उधारी वाढे, उधारीपोटी जमीन जाई, आणि मग त्याच जमिनीवर मजुरी करावी लागे. त्या वर्षाच्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावर, मासेमारांच्या वस्त्यांत, देवी अंगात येऊ लागली. तिथून ती नाशिकच्या डोंगरी भागात, डांगात, आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात उतरली. म्हणजे एका अर्थी महाराष्ट्राकडूनच बारडोली-वालोड-मांडवीच्या रानात आली. गावोगावी मांडव पडले. अंगात आलेली बाया-माणसं लाल कापड हातात धरून घुमत, आणि देवी त्यांच्या तोंडून बोले: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. थोड्याच आठवड्यांत दारूची दुकानं ओस पडली. सरकारने हे सांगितलं नव्हतं. सरकारचा तर दारूच्या महसुलावर डोळा होता. गांधींची माणसंही नंतर आली, आणि त्यांनी जे पाहिलं त्याने तीही चक्रावली. डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 मध्ये ‘द कमिंग ऑफ द देवी’ या पुस्तकात या चळवळीचा इतिहास लिहिला. त्यांचा मुद्दा असा की ही नुसती अंधश्रद्धा नव्हती. आपल्याला कर्जात बुडवणारी साखळी तोडायचं या लोकांनी मिळून ठरवलं होतं, आणि ते ठरवायला त्यांच्याकडे देवीची भाषा होती.

तुमच्याकडे देवी नको. पण त्या निर्णयाची घडण पाहा. तो एकेकट्याने घरात बसून घेतलेला नव्हता. तो मांडवात, सगळ्यांसमोर, दिवाळीनंतरचा लग्नसराईचा हंगाम तोंडावर असताना घेतलेला होता. त्यामुळे लग्नात ग्लास नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागत नव्हतं. कारण गावाने आधीच दिलेलं होतं. सोळा गप्प माणसांना एकमेकांचं मन कळवण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला तरी दिसत नाही. महाराष्ट्रात पुढे बायकांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानात तेच केलं: एकेकटी बाई दारूच्या दुकानाविरुद्ध बोलली तर भांडखोर ठरते, पण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मत दिलं की दुकानच बंद होतं.

देवीच्या या गोष्टीचा उत्तरार्ध भाषणात सांगण्याजोगा नाही, पण तुमच्या कामाचा आहे. काही महिन्यांतच गावं दुभंगली. शपथ पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेले ‘सरजेला’, असे गट पडले. अनेकांच्या बाबतीत देवीचा जोर ओसरला तसा निश्चयही ओसरला. टिकला तो बहुतेक तिथे, जिथे शपथेच्या पुढे काही काम उभं राहिलं: सभा, सूतकताई, शाळा, आणि पुढे वालोड तालुक्यातल्या वेडछीचा आश्रम. नुसती शपथ एका हंगामापुरती पुरते. सुदैवाने तुमची गरज एका रात्रीची आहे, पण तत्त्व तेच: दारूच्या जागी दुसरं काहीतरी असायला हवं.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ऑक्सफर्ड हिल्स या भागाने हे कटू अनुभवातून शिकून घेतलं. 1979 मध्ये तिथे शालान्त समारंभाच्या हंगामात दारू आणि नशेपायी सात तरुण मुलं गेली. पुढच्या वर्षी पालक आणि विद्यार्थ्यांनी मिळून समारंभानंतरची रात्रभराची पार्टीच भरवली: खेळ, संगीत, खाणं सगळं, फक्त दारू आणि नशा नाही. ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ या नावाने ती पद्धत देशभर पसरली. आइसलँडने हेच देशाच्या पातळीवर केलं. तिथे 1998 मध्ये 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं गेल्या महिन्यात एकदा तरी झिंगलो होतो असं सांगत. 2016 मध्ये ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. संध्याकाळचे खेळ आणि संगीताचे वर्ग, पालकांचे आपसांतले करार, रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचा नियम, असं बरंच त्यामागे होतं. आइसलँड श्रीमंत आणि चिमुकला आहे, त्याची नक्कल सुरत जिल्ह्यात होणार नाही, हे खरं. पण रात्र गच्च भरलेली असेल तर बाटलीला जागा कमी उरते, एवढं उचलायला श्रीमंती लागत नाही. क्रिकेटच्या रात्रीच्या मॅचेस भरवा, गरबा घ्या, उंधियू करा. नीरा मात्र फेअरवेलच्या रात्रीसाठी सुचवत नाही; ती पहाटे उतरवून सकाळी प्यायची, दिवस वर आला की आंबू लागते आणि संध्याकाळपर्यंत तिची ताडी झालेली असते.

‘एकदाच तर आहे, फेअरवेल काय दरवर्षी येतं?’ हा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. एकदा प्यायलेले सगळे व्यसनी होत नाहीत, आणि मी तसं भासवणार नाही. पण अमेरिकेतल्या सत्तावीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांना 1997 मध्ये असं आढळलं की पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के पुढे कधीतरी दारूच्या आहारी गेले. विशीत सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. यावरून लवकर पिणं हेच एकमेव कारण ठरत नाही. ज्या घरांत आधीच अडचणी असतात तिथली मुलं लवकरही पितात आणि पुढे अडकतातही. तरी ‘एकदा’ कुठल्या वयात, याने फरक पडतो. दुसरं, ती एक रात्र बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येते, आणि परतीचा रस्ता उसाच्या ट्रकांचा असतो.

‘मोठे पितात, मग आम्हाला का सांगता?’ यावर माझ्याकडे मोठ्यांचा बचाव नाही. जो बाप शनिवारी दमणची फेरी मारतो त्याचं व्याख्यान ऐकू नका. पण त्याच्या दांभिकपणाचा हिशेब तुमच्या यकृतावर का चुकता व्हावा? आणि जी मुलं म्हणतील की आमच्या समाजात लग्नाला, मरणाला, पितरांना मोहाची धार द्यावी लागते, ती पूजा आहे, त्यांच्या श्रद्धेला हात लावायची मला गरज नाही. पितरांना दिलेली धार आणि फार्महाऊसवर मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून रिचवलेली पोटली, यात फरक आहे हे तीच मुलं मला समजावून सांगतील. 1922 मध्ये देवीने दारू सोडायला सांगितली तेव्हा ती बाहेरून आलेल्या सुधारकाच्या नव्हे, त्यांच्याच बायामाणसांच्या तोंडून बोलत होती.

मी दारूबद्दलच लिहीत आलो, पण ठराव करताना तेवढ्यावर थांबू नका. एम्सच्या त्याच सर्वेक्षणात एकाच गोष्टीत मुलं मोठ्यांच्या पुढे निघाली: व्हाइटनर, सोल्युशन अशा हुंगायच्या पदार्थांत. मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58 टक्के. ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यांना कोणी नशा म्हणत नाही, आणि पहिल्यांदा हुंगतानाही हृदय अचानक थांबू शकतं. खोकल्याचं औषध, कुणाच्या आजीच्या झोपेच्या गोळ्या, आणि आता सुरतेकडून जिचं नाव ऐकू येतं ती एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे सगळं ठरावात नावानिशी येऊ द्या. नाहीतर ‘आपण दारूबद्दल ठरवलं होतं’ म्हणून पळवाट निघेल.

आणि ठराव कसा करायचा? शपथपत्रावर सह्या घेऊ नका, आचार्यांना फोटो काढायला बोलावू नका. आधी चिठ्ठ्या टाका, नाव न लिहिता: फेअरवेलच्या रात्री दारू असावी असं तुला वाटतं का, हो की नाही. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजा. ‘नाही’ किती निघतात ते पाहून तुम्ही चकित व्हाल, असा माझा अंदाज आहे. मग जागा, खर्च, घरी कोण कुणाला सोडणार, हे ठरवा. 1928 मध्ये बारडोलीने शपथ मोडणाऱ्यांना वाळीत टाकलं, त्यांचं पाणी-न्हावी तोडलं; सरकारशी लढताना ते चाललं असेल, वर्गमित्रांशी ते करू नका. ‘हो’ लिहिणाऱ्याला शोधायचं नाही, चिडवायचं नाही, ग्रुपमधून काढायचं नाही. तो रात्री आला तर नुसता नाचायला आला तरी चालेल, हे त्याला कळलं म्हणजे झालं.

एवढं करूनही कुणीतरी पिऊन येईल आणि कोसळेल. त्याला एकट्याला खोलीत झोपवू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. त्याला चालवू नका, कॉफी पाजू नका, आंघोळ घालू नका. हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, श्वास अडखळत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी नीट दिसत नाही म्हणाला, तर 108 ला फोन करा आणि काय प्यायलं, किती वाजता, कुठल्या बाटलीतून, हे डॉक्टरांना खरं सांगा. मिथाइलवर उतारा आहे, पण वेळेत दिला तरच. दवाखान्यात पोलिसांची नोंद होऊ शकते, घरी कळेल, शाळेत चर्चा होईल. तरी फोन करायचाच. तो कुणी करायचा, त्याचं नाव ठरावाच्या सभेतच ठरवून ठेवा. त्याच्यावर नंतर कोणी रागवायचं नाही, हेही.